किटलीवाली

डोंगरावरच्या मोठ्या रुग्णालयात रोज धुतलेल्या चादरी पोचवणाऱ्या बाईचं खरं नाव त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. तिची जुनी डिझेल व्हॅन अर्धा चढ चढली की वाफा सोडू लागायची. म्हणून व्हॅन किटली आणि बाई किटलीवाली. हे बारसं वळणावरच्या चहावाल्याने केलेलं. त्याच्या टपरीला लागून पाण्याचा नळ होता, आणि त्याची किटली आणि हिची किटली साधारण एकाच वेळी उकळायच्या.

"आलं बघा आधण," असं म्हणत तो बादली नळाखाली सरकवायचा.

"तुझ्या किटलीपेक्षा बरी आहे रे," बाई उतरता उतरता ऐकवायची. "तुझ्यातून नुसतं गढूळ पाणी निघतं. माझ्यातून निदान स्वच्छ चादरी निघतात."

गिऱ्हाइकं हसायची, बाईही हसायची. इंजीन निवेपर्यंत ती गाडीभोवती येरझाऱ्या घालायची, मग जाड फडक्याने रेडिएटरचं झाकण सैल करून पाणी ओतायची आणि पुढे निघायची. इतकी वर्षं त्या टपरीशी थांबूनही तिथला चहा तिने कधी चाखला नव्हता. हातात बादली घेतलेल्या माणसाला कप कोण देणार?

व्हॅन मुळात नवऱ्याची. नवरा भला माणूस, पण घाईचा. जेवताना घाई, बोलताना घाई, आणि जातानाही त्याने घाईच केली. मागे राहिली ही व्हॅन, लॉन्ड्रीतून रुग्णालयात कपडे पोचवायचं काम आणि दुसरीत शिकणारी मुलगी. लॉन्ड्रीचे मालक भेटायला आले ते दारात चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. गाडीसाठी दुसरा ड्रायव्हर बघतो मी."

"बघू नका. सापडलाय."

"कोण?"

"मी."

गाडीचा क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, हेही तेव्हा तिला माहीत नव्हतं. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात ती शिकली. शिकता शिकता कपडे वाळत घालायचे खांब तिने आडवे केले आणि मालकांची सायकल अशी चेपली की तिच्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. मालक म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही रस्त्यावर शिका, तिथे जागा जास्त आहे." पुढच्या महिन्यात ती डोंगर चढत होती.

त्या व्हॅनचं इंजीन नाकाडात नव्हतं, आत होतं. दोन सीटच्या मधोमध लोखंडी पेटी, आणि पेटीखाली इंजीन. सकाळी पोरीला घरी एकटीला ठेवता येत नसे, म्हणून ती सोबत. थंडीत ती पेटीवर गोधडी टाकून पाय पोटाशी घ्यायची आणि पहिला चौक यायच्या आत झोपायची. वर पोचलं की रुग्णालयातल्या नर्सबाई तिला उठवून दूध द्यायच्या. कदाचित त्या दुधाचाच परिणाम असेल, मोठी होऊन पोरगी त्याच रुग्णालयात नर्स झाली. आईने पोचवलेली चादर लेक पेशंटखाली अंथरायची. ह्या गोष्टीचा बाईला एवढा अभिमान होता की ती हे ओळखीच्यांना तर सांगायचीच, पण सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी रिक्षावाल्यालाही सांगून मोकळी व्हायची.

आता तिच्या दुखण्याकडे येऊ. दुखणं एकच, गाडी चढावर तापते. सपाटीवर शहाण्यासारखी चालणार, आणि उन्हात पूर्ण माल घेऊन चढाला लागली की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात. रेडिएटर साफ करून झाला, होस पाइप बदलून झाले, वॉटर पंप नवा बसवला, हेड उघडून गॅस्केट टाकलं. नाकापेक्षा मोती जड झाला, तरी उकळायची ती उकळायचीच.

हे सगळे उपाय करणारे गृहस्थ म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती त्यांना दाजी म्हणायची. दाजींचं गॅरेज त्यांच्या घराच्याच पुढच्या अंगात. हात सोन्यासारखा, स्वभाव त्याहून कडक, आणि स्वतःच्या मतावर श्रद्धा एवढी की देवालाही हेवा वाटावा. तापणाऱ्या गाडीवर त्यांचा पहिला इलाज ठरलेला. इंजीन गार असेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी आणि तापलं की उघडणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. दाजी ती काढून टाकायचे. "ज्याला उकडतंय त्याचं स्वेटर आधी काढा," हे त्यांचं वचन होतं आणि सगळे ड्रायव्हर ते मान डोलावून ऐकायचे. काढलेल्या झडपा ते बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी. आलेल्या-गेलेल्याला ते तो खुळखुळ वाजवून दाखवायचे. शिकाऱ्याने भिंतीवर शिंगं लावावीत तसा तो डबा होता.

त्या उन्हाळ्यात मात्र मस्करीची कुस्करी झाली. वळणावर थांबलेली असताना बाईने घाई केली, झाकण पुरतं निवायच्या आत फिरवलं, आणि उकळतं पाणी कोपरापासून मनगटापर्यंत हातावर आलं. चहावाल्याने बादली तिच्याच हातावर ओतली आणि कुणाच्या तरी गाडीत घालून तिला वर नेलं. मलमपट्टी करायला समोर लेक.

लेकीने पट्टी पुरी केली. मग म्हणाली, "आई, बास झालं. गाडी भंगारात दे आणि माझ्या घरी चल."

"आणि करू काय तुझ्या घरी?"

"आराम."

"गॅलरीत बसून शेंगा सोलू आणि खालून जाणाऱ्या गाड्या मोजू? मला नाही जमायचं."

"मग मी रोज सकाळी इथे गेटवर जीव मुठीत धरून उभी राहते, ते तुला जमतं?"

लेक गेटवर उभी असते हे बाईला माहीत होतं. का उभी असते, हे तिने कधी विचारलं नव्हतं. लेकीच्या अॅप्रनच्या खिशात भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब होती आणि तिचं टोक घासून पांढरं पडलं होतं. ती आजची नव्हती.

"एक संधी दे," ती म्हणाली. "हात बरा झाला की पहिल्या खेपेला तू माझ्या शेजारी बस. त्या खेपेला गाडी उकळली, तर तिथल्या तिथे किल्ली तुझ्या हातात. पुन्हा तोंडातून गाडीचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

लेक बाकी आईचीच. "मग सकाळच्या गारव्यात नाही जायचं. भर उन्हात, पूर्ण माल भरून. गारव्यात काय, कुणीही चढेल."

शब्द द्यायला एक क्षण लागला. नंतर घरी एका हाताने भाकरीचं पीठ मळायचा प्रयत्न करताना तिला त्याचं वजन कळलं. ही बाई दिलेला शब्द मोडणाऱ्यातली नव्हती, हीच तर पंचाईत होती. गाडी गेली तर काम जाणार होतं, पण ते एक वेळ परवडलं असतं. सकाळी उठून आपल्या जोरावर एक डोंगर चढून यायचा, ही जी तिची स्वतःची मिजास होती, ती जाणार होती. आणि त्या मिजाशीवर तर ती इतकी वर्षं ताठ उभी होती.

मधले दिवस लॉन्ड्रीच्या टेम्पोवाल्याने खेप सांभाळली. इकडे दाजींनी कंबर कसली. "नवा रेडिएटर टाकू," ते म्हणाले. "जुना आतून चोंदलाय, मी सांगतो."

गाडी गॅरेजात न्यायच्या सकाळी लेक पट्टी बदलायला आली होती. तीही गाडीत आईशेजारी बसली, पहिला चौक मागे पडल्यावर सवयीने पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून गारच आहे की गं ही. लहानपणी पहिल्या चौकापर्यंत कशी मस्त ऊब यायची. नंतर कधी आलीच नाही."

बाईने ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात रेडिएटर होता.

नवा रेडिएटर बसला. दाजी स्वतः चालवायला बसले, बाई शेजारी, मागे माल म्हणून ओल्या चादरींचे गठ्ठे. चौक, पूल, चढाची सुरुवात, आणि बरोबर त्याच वळणावर वाफ. चहावाल्याने बादली सरकवली. आज त्यालाही विनोद सुचला नाही.

दाजी हात कमरेवर ठेवून डोंगराकडे बघत राहिले, जणू चूक डोंगराची. बाई मात्र गाडीपुढे गेली. भाजल्यापासून ती इंजिनाला फार जपून हात लावायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने चांगल्या हाताचा तळवा आधी लांबून दाखवला, मग जरा जवळून, आणि मग रेडिएटरच्या खालच्या अंगाला टेकवला. आणि तसाच ठेवला.

"दाजी, इकडे या. हात लावा."

"अगं, भाजेल."

"लावा तर."

दाजींनी बोट लावलं, मग हात लावला. आत पाणी उकळत होतं, काटा लाल पट्ट्याच्या शेवटाला टेकला होता, आणि रेडिएटर खाली गार होता.

"नवा आहे ना," दाजी म्हणाले, "म्हणून गार."

बाईने पेटी उघडली. इंजिनाच्या डोक्यावरून थेट पंपाकडे उतरणारा एक आखूड, जाडसर पाइप होता. त्याच्याजवळ हात नेला तर हाताची लव जळेल एवढा तापला होता.

"हा कशाला आहे?"

"तो असतोच तसा," दाजी म्हणाले. दाजींना ज्याचं उत्तर येत नसे ते सगळं असतंच तसं.

त्यांनी पाणी ओतलं आणि परत फिरले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, एवढं बाईला कळलं. बंब सोमेश्वरी का गेला, ते कळत नव्हतं.

कळलं ते लॉन्ड्रीत. घरी करमेना म्हणून ती तिथे जाऊन एका हाताने टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. आत बॉयलर होता. त्याचं गरम पाणी लांबच्या कोपऱ्यातल्या धुण्याच्या मशिनांपर्यंत जायचं आणि परत यायचं. बॉयलरजवळच मध्ये एक छोटा पाइप आणि त्याला कॉक. सकाळी बॉयलर पेटवताना पाणी लवकर तापावं म्हणून तो कॉक उघडायचा, आणि मशिनं सुरू झाली की बंद करायचा. त्या दिवशी तो बंद करायचा राहिला. मशिनवाल्या बायका ओरडू लागल्या, पाणी गार येतंय म्हणून. बॉयलरवाला तणतणत आला.

"बॉयलर तर तापून लाल झालाय," तो म्हणाला. "मधला कॉक कुणी उघडा ठेवला? जवळची वाट मोकळी असेल तर पाणी लांबच्या वाटेने कशाला मरायला जाईल? तुम्ही तरी जाल का?"

बाईच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. बॉयलर लाल आणि मशिनं गार. इंजीन लाल आणि रेडिएटर गार. आणि मध्ये तो आखूड पाइप, हात जाळणारा. पाणी रेडिएटरकडे जातच नव्हतं. बरंचसं मधल्यामध्ये फिरून तापलेलं पुन्हा इंजिनात शिरत होतं. सपाटीवर तेवढ्याने भागायचं, चढावर भागत नव्हतं. म्हणजे तिच्या गाडीतही मधली वाट बंद करणारा एक कॉक असला पाहिजे, आणि तो एक तर उघडा राहिला असला पाहिजे, नाही तर नसलाच पाहिजे. एवढी वर्षं सगळ्यांनी गाडीत जे होतं ते तपासलं. जे नव्हतं ते कोण तपासणार? त्यातच लेकीचं वाक्य तिला आठवलं, नंतर कधी ऊब आलीच नाही. कशाच्या नंतर?

ती तशीच उठली आणि गॅरेजात गेली.

"दाजी, माझ्या गाडीतलं स्वेटर कधी काढलंत?"

दाजी एका स्कूटरखाली आडवे होते. ते बाहेर आले, हात पुसले आणि अभिमानाने म्हणाले, "तुझा फॅन बेल्ट तुटून गाडी उकळली होती बघ वळणावर, पोरगी नर्सिंगला होती तेव्हा. मी गाडी ओढायला दोरी घेऊन आलो होतो. रस्त्यातच झडप काढली म्हणून तर घरापर्यंत आलीस."

"आणि बेल्ट?"

"दुसऱ्या दिवशी नवा घातला की."

"आणि झडप?"

दाजींनी डब्याकडे पाहिलं. "ती कशाला परत घालायची? ती वाट अडवते. घातलीस तर आणखी तापेल."

"ती एक वाट उघडते आणि दुसरी बंद करते, असं मला वाटतं."

"तुला वाटतं." दाजींचा आवाज चढला. "ह्या डब्यातल्या सगळ्या गाड्या चालतायत. एकही बोंबलत आली नाही."

भांडण वाढलं असतं, पण आतून अक्का आली. अक्का म्हणजे थोरली बहीण, दाजी जगात फक्त जिला घाबरायचे ती. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं तापायचंच आहे तर माझ्या गॅसवर तापवून बघा. शेजाऱ्यांना कशाला ऐकवताय?"

आणि तेच झालं. डबा ओट्यावर पालथा झाला. बाई एकेक झडप उचलून बघू लागली. बहुतेक सारख्या, वरती गोल चकती आणि खाली स्प्रिंग, बस. तळाशी मात्र एक वेगळी निघाली. तिला स्प्रिंगच्या खालीही एक चकती होती, टेबलाला एकच पाय असावा तशी.

"हीच तुझी," दाजी हळूच म्हणाले. "तुझ्या इंजिनाची अशीच येते."

अक्काने पातेल्यात पाणी ठेवलं. बाईने झडप दोरीला बांधून पाण्यात सोडली. "आता हे शिजवून कुणाच्या पानात वाढायचं?" अक्काने विचारलं, पण कुणी हसलं नाही. तिघंही पातेल्यावर वाकून बघत होती. पाणी तापलं, कडेला बुडबुडे धरले. झडप ढिम्म. दाजींच्या चेहऱ्यावर विजय दिसू लागला तेवढ्यात ती हलली. वरची चकती सावकाश सरकून फट पडली, आणि त्याच वेळी खालचा पाय तेवढाच खाली उतरला.

बाईने पळीचं टोक त्या पायाखाली धरलं. पायाने ते दाबलं.

"वरची रेडिएटरची वाट उघडली," ती म्हणाली. "आणि ह्या पायाने मधली बंद केली. बाकीच्यांना पाय नाही, म्हणून त्या काढल्या तरी तुमच्या गाड्या चालल्या. माझ्या गाडीच्या झडपेला होता."

दाजींनी गॅस स्वतः बंद केला.

"म्हणजे तुझ्या गाडीला मीच…"

"दुखणं बेल्टचं होतं, दाजी. ते दुसऱ्याच दिवशी बरं झालं. औषधच तेवढं चालू राहिलं."

"मला वाटलं, मेव्हणी संकटात आहे, पटकन घरी पोचावी."

"पोचले की," बाई म्हणाली. ती चिडली असती तर कुणी दोष दिला नसता. पण त्या दिवशी भर उन्हात दोरी खांद्यावर टाकून डोंगर चढून आलेला माणूस हाच होता, हेही तिला आठवत होतं. "मायेनं केलंत. पण आता मायेनंच परत घाला."

अक्का पातेलं उचलत म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज तो डबा पुसत होते मी."

दाजींनी मग काम केलं ते असं, की बघत राहावं. झडपेची बैठक घासून चकचकीत केली, नवं पॅकिंग टाकलं. रोज नळाचं पाणी ओतून ओतून आत गंज चढला होता, तो लाल पाणी निवळ येईपर्यंत धुऊन काढला. "पाणी असताना कूलंट कशाला," असं म्हणणाऱ्या दाजींनी स्वतः जाऊन कूलंट आणलं. शेवटी गाडीचं नाक उंच राहील अशी ती उतारावर लावली, इंजीन चालू ठेवलं आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत झाकणाशी बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. दाजी गप्प बसले तर समजावं की काम चोख चाललंय.

खेपेचा दिवस आला. ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं. मागे छतापर्यंत चादरींचे गठ्ठे. लेक ड्यूटीच्या कपड्यातच येऊन बसली, खिशात ती ट्यूब. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं नाही. तिची नजर काट्यावर.

गाडी निघाली आणि पहिल्या चौकातच काटा उठला. आजवर सपाटीवर मरगळून पडलेला असायचा, आज भराभर वर. पूल यायच्या आधीच अर्ध्यावर.

"आई, हा तर आधीपेक्षा लवकर चढतोय."

"बघतेय."

"आई, थांबव गाडी. अजून चढही लागला नाही."

बाईने गाडीचा वेग जरा कमी केला. दाजींचंच खरं निघालं तर? पातेल्यात उघडलेली झडप इंजिनात उघडलीच नाही तर? डावा पाय पेटीला टेकला होता आणि पेटी गरम लागत होती. गरम. पहिल्याच चौकात. तिला एकदम हसू आलं.

"पेटीवर हात ठेव," ती म्हणाली.

लेकीने ठेवला. आणि तिचा चेहरा क्षणभर दुसरीतल्या पोरीचा झाला.

काटा मधोमध आला, थोडा पुढे सरकला, थबकला, आणि मागे येऊन मध्यावर बसला. झडप उघडली होती. चढ लागला. बाईने दुसरा गिअर टाकला. व्हॅन घुमू लागली, गठ्ठे मागे सरकले. काटा जागचा हलेना. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. टपरी दिसली. चहावाला सवयीने बादली नळाखाली सरकवून उभा होता, गिऱ्हाइकं वळून बघत होती.

बाईने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. चहावाला बादली घेऊन चार पावलं गाडीमागे धावला. "अहो मावशी, पाणी! पाणी!" गाडी वर निघून गेली तेव्हा तो भरलेली बादली हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता.

टपरीच्या पुढचा चढ, पाण्याच्या टाकीजवळचा, तो खरा उभा. तिथवर ही गाडी न थांबता कित्येक वर्षांत आली नव्हती. काटा केसभर हलला. लेकीने आईचा हात धरला, भाजलेला, आणि लगेच सोडला.

"धर," बाई म्हणाली. "आता दुखत नाही."

टाकी मागे पडली. रुग्णालयाचं गेट उघडंच होतं. अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा तिच्यातून वाफेचं एक सूतही निघत नव्हतं. लेक खाली उतरून पुढे गेली, रेडिएटरजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"आई, हा तापलाय."

"तापायलाच हवा. इतकी वर्षं फुकट बसून खात होता. आज कामाला लागला."

तेवढ्यात गेटमधून एक स्कूटर फटफटत आली. दाजी. पुढे पायाशी पाण्याचा मोठा कॅन, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. ते सबंध वाट गाडीच्या मागून आले होते. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, कुठे पाणी सांडलंय का ते. मग कॅन गुपचूप स्कूटरच्या पलीकडच्या बाजूला लपवला.

लेक खिडकीतून आत वाकली आणि किल्ली काढून घेतली. शब्द गाडी उकळली तर किल्ली द्यायचा होता, पण लेकीच्या मनाचं काय सांगावं. लेकीने किल्ली थोडा वेळ मुठीत धरली. मग आईचा हात ओढून तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. दोघींचे डोळे भरले, आणि दोघींनी ते लपवायची तसदी घेतली नाही. मग लेकीने खिशातली ट्यूब काढली.

"ही आता कपाटात ठेवून देते."

"दाजींना दे," बाई म्हणाली. "त्यांना जास्त लागलंय."

दाजी आधी गोरेमोरे झाले, मग असे हसले की वॉर्डातल्या नर्स खिडकीत आल्या. त्यानंतर त्यांच्या गॅरेजात झडप काढण्याआधी एक प्रश्न विचारला जाऊ लागला, "हिला पाय आहे का?" पण डबा अजून तिथेच आहे. एवढा मोठेपणा एकदम सोडवत नाही.

उतरताना बाईने वळणावर गाडी बाजूला घेतली. चहावाल्याने संशयाने व्हॅनभोवती एक चक्कर मारली.

"पाणी?"

"नको."

"मग थांबलात कशाला?"

"चहा दे."

त्याने फडक्याने बाक पुसला, कधी नव्हे तो दोनदा पुसला, आणि काठोकाठ भरलेला कप तिच्या हातात ठेवला. बाई बाकावर टेकली, पाय पसरले आणि खालच्या रस्त्याकडे बघत पहिला घोट घेतला. चहा खरंच गढूळ पाणी होता. तिने कप संपवला आणि आणखी एक मागितला.